उपाशी घर

घर कशाला म्हणायचं, यावरून माझं आणि जावयाचं भांडण जुंपलं, तेव्हा आत माझी लेक एलुव्हिया अडली होती. आदल्या दिवसापासून कळा चालू होत्या. तोमासा सुईणीने पोटावर तेल चोळलं, हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि बाहेर येऊन मला तोंडावर म्हणाली, "एर्मेलिंडा, मूल आडवं आहे. माझ्याच्याने फिरत नाही. कोबान शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही जातील." तोमासा कधी घाबरत नाही, आणि त्या दिवशी तिने तेलाची वाटी तशीच जमिनीवर टाकली.

न्यायचं कशातून? आमच्या चिराश गावाला बाजाराच्या दिवशी एक पिकअप येतो. वेलदोड्याची पोती आणि माणसं एकत्र कोंबून नेतो. तो खालच्या गावात बिघडून पडलेला. दुसरं वाहन म्हणजे मैदानावर उभं असलेलं त्या परदेशी बाईचं. पुढे ट्रक आणि ट्रकच्या पाठीवर एक पांढरी खोली बसवलेली. बाईचं नाव मारित. माझ्याच वयाची, उंच, आखूड पांढऱ्या केसांची, नॉर्वे की कुठल्या थंड मुलखातली. एकटीच घाटातून उतरून जंगलातल्या रस्त्याने पुढे पेतेनला निघाली होती आणि पावसाने आमच्यात अडकली होती. आल्या दिवशीच तिने सगळ्या बायकांना हौसेने आत बोलावलं होतं. आत चूल, मोरी, बिछाना, कपाटं, सगळं जागच्या जागी. बायका तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी मात्र उंबऱ्यातूनच मागे फिरले होते, कारण मी चारी कोपरे बघून घेतले होते. कोरे. एक डाग नाही.

आमच्यात नवं घर झालं की माणसांच्या आधी घर जेवतं. कोंबड्याचं रक्त आणि कोको चारी कोपऱ्यांना लावायचं, धूप जाळायचा, रश्शाचा पहिला वाडगा घराचा. न जेवलेलं घर भुकेलं राहतं, आणि भुकेलं घर माणूस खातं. माझ्या दिराने घाई केली, पत्रे ठोकले आणि तसाच राहायला गेला. वर्ष व्हायच्या आत बायको गेली, मागोमाग आमचा म्हातारा सासरा गेला. मग अक्कल आली, कोंबडे कापले, आणि तेव्हा कुठे थांबलं. हे काय मी ऐकीव सांगत नाही, त्या दोन्ही मयतांच्या भाकऱ्या मी भाजल्यात.

"मामी, ती गाडी आहे, घर नाही!" क्रिसांतो ओरडला. जावई माझा, एरवी मान वर करून बोलत नाही.

"गाडीत चूल असते का रे शहाण्या?"

"चाकं दिसत नाहीत का तुम्हाला?"

"तुझ्या घराला चाकं नाहीत म्हणून ते जागेवर राहतं होय? दर पावसाळ्यात वीतभर खाली घसरतं ते! मला फक्त एक कोंबडा कापू दे. भात शिजायलाही याहून जास्त वेळ लागतो."

मी लाल कोंबडा धरूनही ठेवला होता. क्रिसांतोने तो माझ्या हातातून हिसकावला आणि कुंपणापलीकडे भिरकावला. "बायको मरतेय माझी, आणि तुम्ही कोंबडा धरून बसलात!" असं म्हणाला आणि रडायलाच लागला. दाढीमिशीचा बाप्या, सगळ्या गावासमोर. मग मी बाजूला झाले. चौघांनी एलुव्हियाला घोंगडीत उचललं आणि त्या खोलीतल्या बिछान्यावर नेऊन ठेवलं. मागे तिच्याजवळ मी चढले. क्रिसांतो पुढे, रस्ता दाखवायला. मारितबाईने बाहेरून दार लावलं, आणि ते लागल्याचा आवाज ऐकून मला वाटलं, झालं, गेलो आपण तोंडात.

आमचा रस्ता मला पायाखालचा. कोपराने ढकलावी लागणारी माणसं, डोक्यावर पाऊस, तरी मी पिकअपच्या मागे उभी राहून हजारदा गेलेय आणि कधी भ्यायले नाही. तिथे निदान दिसतं तरी, पडायचं तर कुठे पडायचं. इथे बंद खोली. दोन्ही भिंतींतल्या एवढ्याशा काचांतून एका बाजूला डोंगराची ओली माती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं पांढरं धुकं. खोली एका अंगाला कलली की कपाटातली भांडी एकदम त्या अंगाला धावायची. एका वळणावर एक खण आपोआप उघडला आणि माझ्या गुडघ्यावर आदळला. मी तो आत ढकलला. पुढच्या वळणाला तो परत उघडला.

"आई, माझा हात धर," एलुव्हिया म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"धरलाय गं. तू डोळे मिट."

"मिटले की जास्त हलतं."

"मग उघडे ठेव. तुझ्या बापासारखा प्रत्येक गोष्टीत वाद घालू नकोस."

ती हसली. खरंच हसली, आणि त्याच हसण्यात कळ आली आणि तिने माझी बोटं अशी दाबली की हाडं कडकडली. मी तोंडाने धीर देत होते, पण मनात एकच चाललं होतं. घरा, हिला नको. घरा, हिला नको. मूठभर लाकूड-पत्र्याला मी पोटच्या पोरीसाठी विनवत होते, आणि द्यायला हातात काही नव्हतं. कोंबडा नाही, कोको नाही, धूपसुद्धा घरीच राहिला.

खडकाच्या उतारावर पोचलो तेव्हा गाडी मुंगीच्या पावलाने चालायला लागली. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला एक छोटी खिडकी होती, तिच्यातून मला मारितबाईची मान दिसायची आणि तिच्यापुढे धुकं. धुकं एवढं दाट की तिला रस्ता दिसेना. क्रिसांतो खाली उतरला आणि काठीने चिखल टोचत गाडीच्या पुढे पुढे चालायला लागला. त्याचा लाल स्वेटर दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. मधेच मागचं चाक घसरलं. सगळी खोली दरीकडे वाकली, आणि तशीच राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. मला श्वास घ्यायचीही भीती वाटली, माझ्या श्वासाने तोल जाईल म्हणून. मग चाकाने कुठेतरी दगड धरला आणि आम्ही सरळ झालो.

तेव्हा मी खाली बघितलं. एलुव्हियाचं रक्त बिछान्यावरून जमिनीवर उतरलं होतं. फार नव्हतं, पण होतं. मातीची जमीन असती तर मुरलं असतं. ही जमीन गुळगुळीत, तिथे ते नुसतं पसरत होतं. वळण आलं की इकडे, वळण आलं की तिकडे. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची एक बारीक धार निघाली आणि दाराजवळच्या कोपऱ्याकडे चालू लागली. स्वतःहून, कुणी न लावता. घर वाट बघून कंटाळलं होतं आणि आता आपलं आपण वाढून घेत होतं.

मी फडक्याने ती धार पुसली. ती पुन्हा निघाली. मी पुन्हा पुसली.

मग मी उठले. चुलीच्या वर सुरी अडकवलेली होती, ती काढली. कोंबडा नाही तर नाही, मी आहे ना. साठ वर्षांची म्हातारी कोंबडी, चिवट आहे, पण रक्त ते रक्त.

"आई, काय करतेस?"

"गप पड."

डाव्या हाताचं बोट चिरलं आणि दाराजवळच्या कोपऱ्याला लावलं. "घे," म्हटलं, "हे तुझं. माझं घे. तिचं जगायचं आहे अजून, माझं जगून झालं." दुसरा कोपरा मोरीचा. तिसरा बिछान्याच्या उशाशी, तिथे मला एलुव्हियाच्या अंगावरून वाकावं लागलं. एका हातात सुरी, दुसऱ्यातून रक्त गळतंय, तोंडाने पुटपुटतेय, अशी मी लेकीच्या छातीवर ओणवी झालेली, आणि नेमकं तेव्हाच मारितबाईने मान वळवून खिडकीतून मागे बघितलं.

गाडी करकचून थांबली. दार धाडकन उघडलं. ती किंचाळत आत आली आणि तिने माझं मनगट असं पिरगाळलं की सुरी खाली पडली. मला भिंतीशी रेटून धरलं. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ, आणि सांगते, तो माणूस मारणाऱ्याचा चेहरा नव्हता. ती माझ्याइतकीच भ्यालेली होती. माझं स्पॅनिश बाजारापुरतं. किती, महाग, कमी कर, आधी किती होतं, नको. त्यात काय सांगणार?

"सोडा तिला!" एलुव्हिया स्पॅनिशमध्ये ओरडली. ती शाळा शिकलेली. "ती मला मारत नाहीये. ती तुमच्या घराला जेवू घालतेय!"

मारितबाईची पकड सैल झाली. मग दोन कळांच्या मधे, धापा टाकत, एलुव्हियाने तिला सगळं सांगितलं. कोपरे, रक्त, न जेवलेलं घर काय करतं. मला वाटलं आता बाई हसेल. शहरातले लोक हसतात, आमच्या शाळेचा मास्तरसुद्धा हसतो. ही हसली नाही. तिचा रंग उतरला. बिछान्याच्या कडेला टेकली आणि एलुव्हियाला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. एलुव्हिया माझ्याकडे बघेना.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"एलुव्हिया!"

"म्हणाली, या घरानं आधीच एक खाल्लंय. तिचा मुलगा होता, यान. आजारी होता. त्याला उबदार समुद्र बघायचा होता म्हणून हे घर घेऊन निघाले. दोन वर्षं झाली. इथेच गेला." तिने खालची गादी चाचपली. "याच बिछान्यावर."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी लेकीच्या काखेत हात घातले आणि तिला ओढायला लागले. "उठ! उठ तिथून! चल, चालत नेते मी तुला, पाठीवर घेऊन नेते!" बाहेर गुडघाभर चिखल, खाली दरी, आणि मी अडलेल्या बाईला खाली उतरवायला निघाले होते. चवीला लागलेलं जनावर सुटतं का कधी? घराला चव लागली होती आणि मी माझी लेक नेऊन त्याच ताटात वाढली होती.

"आई!" एलुव्हियाने माझ्या हाताला नखं रुतवली. "मला इथं चिखलात मारायचंय का तुला? मला डॉक्टर पाहिजे! तुझे कोपरे नकोत, डॉक्टर पाहिजे!"

मी थांबले. तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. भीतीने रडले, दुसरं काही नाही. एवढं वय झालं, नवरा पुरला, दोन मुलं पुरली, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती.

मारितबाईने खाली पडलेली सुरी उचलली. किती कोपरे राहिले म्हणून एलुव्हियाला विचारलं.

"एक," मीच बोट दाखवलं. "पण सांग तिला, खरं तर घरधन्याने द्यायचं असतं. मी परकी. माझं घेतलं की नाही, कुणास ठाऊक."

एलुव्हियाने सांगितलं. चौथा कोपरा कपाटाच्या मागे होता. मारितबाई गुडघ्यावर बसली, बुटांचे जोड काढले, दोरी काढली, डबे काढले, सगळं चिखलात बाहेर फेकलं. मग बोट कापलं. कसं कापायचं ते बाईला माहीत नव्हतं, फार खोल कापलं, भळाभळा वाहिलं. तिने पूर्ण तळवाच कोपऱ्यावर दाबला आणि तसाच धरला. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. ते एलुव्हियालाही कळलं नाही.

तेवढ्यात क्रिसांतो धुक्यातून मागे आला. दारात उभा राहून दोन म्हाताऱ्यांचे रक्ताळलेले हात बघितले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं? मामी? काय झालं?"

"घर जेवतंय," मी म्हटलं. "तू चल पुढे, काठी टोच."

पुढचा रस्ता तसाच होता. तेच धुकं, तोच उतार, ओढ्यावरचा तोच ओंडक्यांचा पूल. पुलावर लाकूड कडाडलं तेव्हा माझी भीती काही कमी झाली नाही, मी एलुव्हियावर अंग टाकून पडून राहिले. पण तो खण पुन्हा उघडला नाही. डांबरी लागली तेव्हा एलुव्हिया हाक मारली तरी ओ देत नव्हती. दवाखान्याच्या दारात तिला उचलून ढकलगाडीवर घातलं, आणि दोन झुलती दारं तिच्यामागे मिटली.

बाहेर बाकावर आम्ही तिघं. क्रिसांतो भिंतीला डोकं लावून बसला. मारितबाईच्या बोटाला नर्सने टाके घातले. दार हललं की आम्ही तिघंही उठायचो, आणि कुणीतरी पोछा घेऊन बाहेर यायचं.

शेवटी डॉक्टरीण आली. तोंडावरचं फडकं खाली करून म्हणाली, मुलगा. दोघंही आहेत. आईला रक्त चढवतोय, पण आहे.

अगं बाई, काय सांगू! मी त्या डॉक्टरणीचे हात धरले, क्रिसांतोचं तोंड कुरवाळलं, शेजारी पाय मोडून बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा मिठी मारली. आणि तोंड? माझं तोंड कधी माझ्या ताब्यात असतं का! सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुटले. "जेवलं! घर जेवलं म्हणून सोडलं! चारी कोपरे दिले, म्हणून सोडलं! डॉक्टर-बिक्टर मागाहून, आधी कोपरे! काय रे क्रिसांतो, गाडी आहे म्हणे! कोंबडा फेकतोस? आता बोल!"

तो बिचारा नुसता हसत होता आणि रडत होता. मी मारितबाईकडे वळले आणि माझ्या बाजारापुरत्या स्पॅनिशमध्ये तिलाही सांगितलं. घर. खाल्लं. चांगलं. मुलगा जिवंत.

तीही हसली. तिने मला जवळ घेतलं, पाठ थोपटली. मग थोपटणारा हात थांबला. माझ्यापासून जरा दूर होऊन तिने विचारलं, अगदी सोपे शब्द निवडून, मला कळावेत म्हणून.

"आधी? आधी दिलं असतं... यान जिवंत?"

आधी हा शब्द मला चांगला येतो, बाजारात रोज लागतो. मला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं कळेना.

कारण उत्तर मला माहीत होतं. दिराच्या बायकोबद्दल कुणी विचारलं की मी आजवर तेच उत्तर देत आलेय. हो. वेळेवर दिलं असतं तर वाचली असती. आताच सगळ्या व्हरांड्याला ओरडून मी तेच सांगत होते.

समोर खिडकी उघडी होती. खाली आवारात ते पांढरं घर उभं होतं, चिखलाने माखलेलं, दार आमच्याकडे. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. आणि माझी लेक आणि तिचं बाळ घरी जायचं ते त्याच्यातूनच, तोच रस्ता, तोच बिछाना. पोट भरलेल्या घराला तोंडावर खोटं ठरवायचं म्हणजे काय, हे या बाईला काय ठाऊक! माझे दात वाजायला लागले.

"नाही," मी म्हटलं.

तिने माझी बाही धरली.

"नाही. घर खात नाही. मी म्हातारी. वेडी. डॉक्टर चांगली."

"पण मामी," क्रिसांतो म्हणाला, "आत्ताच तर तुम्ही..."

मी त्याच्या पायावर पाय दिला आणि दाबून धरला.

मारितबाईने माझं चिरलेलं बोट उचललं. "मग हे?"

"भीती," मी म्हटलं. "नुसती भीती."

"खरंच?" तिचा आवाज एवढासा झाला होता. "खरंच, सेन्योरा?"

मी खिडकीकडे पाठ केली नाही. पाठ करायची हिंमत नव्हती. घराकडे बघत, मोठ्याने, तिला आणि त्यालाही ऐकू जाईल असं मी पुन्हा सांगितलं. घर खात नाही. यान आजारी होता. घर खात नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत मी तेच सांगत राहिले.